सतराचं ॲव्हरेज

बिरूला कोणी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. कुणी तोंडावर आरोप केला की माणूस निदान "मी नाही केलं" एवढं म्हणू शकतो, शपथ घेऊ शकतो, भांडू शकतो, किल्ली टेबलावर आपटून चालता होऊ शकतो. इथं तसलं काहीच नव्हतं. श्रीधर जिंतूरकर साहेब पूर्वीसारखेच मागच्या सीटवर बसत, पूर्वीसारखंच "बिरू, निघू या" म्हणत. फक्त पंपावर गाडी लागली की आता ते खाली उतरत, नळीपाशी उभे राहत आणि मशीनवरचे आकडे शून्यापासून शेवटपर्यंत बघत. दहा वर्षांत साहेब पंपावर कधी उतरले नव्हते. उन्हात चष्मा पुसत उभे राहिलेले साहेब दिसले की बिरूच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती कुणावर काढावी हे त्याला कळायचं नाही.

हे सगळं सुरू झालं नव्या गाडीपासून. साहेब इमारतींच्या सांगाड्यांचं गणित करणारे इंजिनिअर. वय अडुसष्ट, पण काम काही थांबत नव्हतं. बीड बायपासला, शेंद्र्याकडं, हर्सूलच्या पुढं, जिकडं बघावं तिकडं बारा-बारा मजले उभे राहत होते, आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं तरी फ्लॅट विकले जात होते. त्यातच सोयगावला एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामांचं काम साहेबांकडं आलं आणि दर आठवड्याला तिकडची फेरी सुरू झाली. जुनी डिझेल गाडी साडेतीन लाख किलोमीटर पळून दमली होती. पुण्यात नोकरीला असलेल्या शंतनूनं, म्हणजे साहेबांच्या मुलानं, हट्टानं वडिलांच्या नावावर हायब्रीड बुक केली. नंबर लागायला सात महिने गेले.

त्या वर्षी शहराला हायब्रीडचं वेडच लागलं होतं. हे शहर तसंही गाड्यांच्या बाबतीत हौशी. नळाला पाणी नसलं तरी दारात गाडी पाहिजे. डिझेलच्या छोट्या गाड्या एकेक करून शोरूममधून गेल्या. पेट्रोल शंभरी ओलांडून बसलं. निव्वळ विजेची गाडी घ्यावी तर ती सिल्लोडच्या पुढं कुठल्या खांबाला लावायची, हा प्रश्न. मग राहिली ही मधली. प्लग नको, तार नको, पेट्रोल टाका आणि विसरून जा. कॉलनीतल्या सकाळच्या फिरण्यात पूर्वी म्हातारे एकमेकांना साखरेचे आकडे सांगायचे; आता ॲव्हरेजचे सांगू लागले. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांची अगदी तीच गाडी चोवीस देत होती. त्या प्राध्यापकांना धड रिव्हर्स घेता येत नव्हतं. गल्लीत कुत्रं दिसलं तरी ते ब्रेकवर पाय ठेवायचे. आणि त्यांची गाडी चोवीस देत होती, बिरूची सतरा.

सतरा! बिरूला हा आकडा स्वतःच्या कपाळावर लिहिल्यासारखा वाटायचा.

कारण ॲव्हरेज हीच तर बिरूची कमाई होती. तो करमाडजवळच्या वस्तीवरचा. बाप मेंढरं राखायचा, पण दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात चारा आणि पाणी दोन्ही संपलं आणि उरलेली पन्नासेक मेंढरं बाजारात गेली. बिरू तेव्हा सरकारी फेऱ्यांच्या टँकरवर ड्रायव्हर होता. टँकरला मापात डिझेल मिळायचं आणि तेवढ्यात दिवसाच्या सगळ्या वस्त्या उरकायच्या. धनगरवस्ती यादीत सगळ्यात शेवटी. डिझेल कमी पडलं की शेवटची फेरी रद्द, आणि शेवटच्या फेरीत त्याची स्वतःची आई रिकामी घागर घेऊन उभी असायची. मग बिरूनं एक हात बसवला. रिकामा टँकर परतीला उताराला लागला की गिअर काढायचा, न्यूट्रल मारायचं आणि गाडी आपल्या वजनानं सोडून द्यायची. कुठून सोडली की कुठल्या लिंबाच्या झाडापर्यंत जाते, हे त्याला पाठ होतं. हे धोक्याचं होतं, कोणताही आरटीओवाला सांगेल. पण त्या उन्हाळ्यात वस्तीची फेरी एकदाही चुकली नाही. पुढच्या वर्षी साहेबांनी त्याला आपल्याकडं ठेवून घेतलं, तेव्हा हा हातही त्याच्यासोबत आला.

जुन्या डिझेल गाडीत साहेब लोकांना कौतुकानं सांगत, "आमचा बिरू बावीस काढतो." कसं काढतो हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि बिरूनं सांगितलं नाही. चांगला स्वयंपाकी मसाल्याचं प्रमाण सांगत फिरत नाही.

दसऱ्याला नवी गाडी आली. उमावहिनींनी, साहेबांच्या बायकोनं, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. शंतनू पुण्याहून आला होता. त्यानं बिरूला पुढं बसवून सगळं समजावलं.

"बिरूकाका, हिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि विजेची मोटर पण आहे. बॅटरी मागच्या सीटखाली. हळू चालताना मोटर ओढते, इंजिन बंद. जोर लागला की इंजिन सुरू होतं. कधी दोघं मिळून ओढतात. कुणी कधी ओढायचं ते गाडी ठरवते, तुम्ही फक्त चालवा."

"आन् चार्जिंगला लावायची कुटं?"

"कुठंच नाही. ब्रेक दाबला की ती स्वतःच चार्ज होते."

बिरूनं मान हलवली, पण हे त्याला पटलं नाही. ब्रेक दाबणं म्हणजे जाळलेलं तेल वाया घालवणं, हे त्याचं आयुष्यभराचं शिक्षण. ब्रेक दाबून कमाई होते म्हणणारा माणूस एक तर शहाणा असणार किंवा पुण्याचा.

क्लच नव्हता. गिअरच्या जागी पुढंमागं सरकणारा एक छोटा दांडा. पहिल्याच आठवड्यात बिरूनं शोधून काढलं की तो एक खाच पुढं ढकलला की पडद्यावर 'एन' येतो, म्हणजे न्यूट्रल. त्याला बरं वाटलं. नवी गाडी असली तरी ओळखीचं काही तरी तिच्यात होतं. चौक्याचा घाट, अजिंठ्याचा घाट, जिथं उतार तिथं बिरूचा डावा हात अलगद पुढं सरकायचा. इतका अलगद, की मागं पेपर वाचणाऱ्या साहेबांना कळायचंही नाही. सिग्नलला तेच.

पहिल्या महिन्याचं ॲव्हरेज अठरा आलं. साहेब म्हणाले, "नवी आहे, सुटेल." दुसऱ्या महिन्यात साडेसतरा. मग बिरूनं कंबर कसली. जालना रोडवरचे उड्डाणपूल उतरतानाही न्यूट्रल, कॉलनीच्या कमानीपासून बंगल्याच्या फाटकापर्यंतच्या चार पावलांच्या उतारालाही न्यूट्रल. आकडा सतरावर आला. जेवढा जीव काढावा तेवढी गाडी खाली जात होती. दोन-तीनदा पडद्यावर इंग्रजीत काही तरी उमटलं आणि टुंग वाजलं. बिरूनं बटण दाबून ते घालवलं. नापास झालेल्या पोरानं प्रगतिपुस्तक लपवावं तसा तो हल्ली त्या पडद्याला लपवायला बघायचा.

पण गाडीचा सगळा हिशोब पुण्यात शंतनूच्या मोबाइलवर दिसत होता. गाडी कुठं गेली, किती गेली, किती प्याली. त्यानं फोनवर वडिलांना काय सांगितलं ते बिरूनं ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवशी साहेब पंपावर उतरले.

गाडी दोनदा चिकलठाण्याच्या सर्व्हिस सेंटरला नेली. दोन्ही वेळा तिथल्या माणसानं बिरूच्या हातून किल्ली घेतली, स्वतः चक्कर मारून आला आणि साहेबांना म्हणाला, "सर, गाडीत काहीच दोष नाही. माझ्याकडं बावीस दाखवलं." मग त्यानं बिरूकडं बघितलं, आणि साहेबांनीही बघितलं. गाडीत दोष नाही म्हटल्यावर दुसरं उरतं कोण?

सगळ्यात जास्त लागलं ते उमावहिनींचं बोलणं. एका दुपारी त्यांनी त्याला चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बिरूभाऊ, घरी काही अडचण आहे का? असली तर सरळ सांगा. आम्ही काही परके नाही." एवढ्या मायेनं कुणी कुणाला चोर ठरवलं नसेल. बिरू चहा अर्धा टाकून उठला आणि गाडी पुसत बसला. गाडी सकाळीच पुसलेली होती.

मुकुंदवाडीच्या घरी अंबिकानं, त्याच्या बायकोनं, भाकरी थापता थापता विचारलं, "कामून तोंड पाडून बसलाव?"

"साहेबाला वाटतंय म्या पेट्रोल काढतो."

"म्हनले का ते तसं?"

"नाय ना. तेच तर."

"मंग तुमी इचारा की तोंडावर."

"काय इचारू? मला चोर समजता का, असं इचारू? ते नाय म्हनतील. मंग? उद्या पुन्हा पंपावर उतरतील."

अंबिकानं भाकरी उलटली.

तिसऱ्यांदा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली ती फेब्रुवारीत. या वेळी साहेब आले नाहीत. सेंटरला नवी लागलेली सुकेशनी नावाची मुलगी होती, डिप्लोमा करून आलेली. तिनं जुने कागद चाळले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि किल्ली घेण्याऐवजी म्हणाली, "काका, गाडी तुम्हीच चालवा. मी शेजारी बसते. रोज जिथून जाता तिकडं न्या."

चार महिन्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं. सगळे गाडी तपासत होते. बिरूला चालवताना कुणी बघितलंच नव्हतं.

ते चौक्याच्या घाटात गेले. चढ संपला, उतार लागला. सुकेशनी पडद्यावरचे बाण बघत होती. मग तिनं पडद्यावरची नजर काढून बिरूच्या डाव्या हाताकडं बघितलं.

"काका, तुम्ही न्यूट्रल केलं?"

बिरूला चोरी सापडल्यासारखं झालं, आणि लगेच रागही आला. "व्हय. केलं. उताराला गाडी आपली आपन जाती. तेल कामून जाळायचं? टँकर चालवलाय म्या, तवापासून करतो. ह्याच्यावर बावीस काढायचो डिझेलला."

"हिच्यात नका करू."

"का?"

सुकेशनीनं जरा विचार केला. "सायकलला डायनॅमो असायचा, माहीत आहे? माझ्या आजोबांच्या सायकलला होता. टायरवर घासून दिवा लागायचा."

"हां. मला सांगती का? लई मारलीय तसली सायकल. पायडल जड जायचं."

"ते जड जातं तीच तर वीज असते. हिच्यातली मोटर उताराला तसाच डायनॅमो होते. चाकं मोटरला फिरवतात, बॅटरी भरते. फुकट. मग सपाटीला लागलं की तीच वीज वापरायची, इंजिन बंद. आता सांगा, डायनॅमो टायरवरून उचलला तर दिवा लागेल?"

"नाय."

"न्यूट्रल केलं की तुम्ही डायनॅमो उचलता. अख्खा घाट उतरता आणि बॅटरी कोरडीच. वर एसी तिच्यातूनच चालू. मग खाली आल्यावर तिला भरायला इंजिनाला जास्त पेट्रोल जाळावं लागतं. सिग्नललाही तेच."

बिरूनं गाडी कडेला घेतली. त्याला एकदम ते प्राध्यापक आठवले, कुत्रं बघून ब्रेक दाबणारे. त्या माणसाची बॅटरी प्रत्येक कुत्र्यागणिक भरत होती. आणि इकडं बिरू, सगळ्या घाटांचा जाणता, आयुष्यातला सगळ्यात चांगला हात घेऊन रोज स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होता.

"मला हे कुनी सांगितलं का नाय?" तो ओरडलाच. सुकेशनी दचकली. "समदं इंग्रजीत लिवलंय त्या पडद्यावर. समदे येत्यात, किल्ली घेत्यात, माझ्याकडं बघत्यात. एकानं इचारलं का, बिरू, तू हात कुटं ठेवतो म्हनून?"

"मी विचारलं की, काका," ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणून त्याला पुढं ओरडता आलं नाही.

परत येताना त्यानं दांडा जागेवर ठेवला आणि उताराला नुसता पाय उचलला. गाडी किंचित मागं ओढली गेली, सायकलच्या पायडलासारखी. पडद्यावर चाकाकडून बॅटरीकडं हिरवा बाण सुरू झाला. बिरूला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त थकल्यासारखं वाटलं. निर्दोष सुटावं आणि त्याच निकालात दहा-बारा वर्षांची कारागिरी मोडीत निघावी, तसं झालं होतं.

सुकेशनीनं साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. साहेब खूप हसले. आठवड्यात ॲव्हरेज तेवीसवर गेलं आणि साहेबांनी पंपावर उतरणं बंद केलं. "मी तर शंतनूला म्हणतच होतो, गाडीचंच काही तरी असणार," असं ते बिरूसमोर वहिनींना म्हणाले, आणि वहिनींनी मान हलवली. झालं. एवढ्यावर मिटलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड त्यांनी उचलला, पण ठेवला होता हे कबूल न करता. दगड नव्हताच म्हणे. बिरूला हे आधीच्यापेक्षा जास्त झोंबलं. आधी निदान कशावर चिडावं हे तरी समोर दिसत होतं.

वर साहेबांनी त्याचा किस्सा केला. साइटवर, लग्नात, फोनवर. "आमचा बिरू न्यूट्रल मारायचा!" लोक हसायचे, बिरूकडं बघायचे, बिरूही दात दाखवायचा.

मार्चच्या शेवटी ते सोयगावला निघाले होते. सिल्लोडपर्यंत रस्त्याचं काम अजून चाललेलं, एका बाजूनं सिमेंट, एका बाजूनं खड्डे, आणि दोन्ही बाजूंनी टँकर. पाऊस गेल्या ऑगस्टमध्येच रुसून बसला होता. एका वळणावर बिरूच्या जुन्या ओळखीचा सांडू टँकर भरून चालला होता, त्यानं हॉर्न मारून हात केला. बिरूनंही केला. पुढं अजिंठ्याचा घाट लागला. साहेब मागं फोनवर होते, कुणा मित्राशी.

"अहो, ऐका तर. गाडी स्वतःला चार्ज करतेय, आणि हा पठ्ठ्या दर उताराला तिचा नळ बंद करतोय! चार महिने! आणि आम्ही आपलं समजत होतो की..."

साहेब थांबले. आरशात त्यांना बिरूचे डोळे दिसले असावेत. "बोलतो नंतर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बिरूनं गाडी घाटाच्या कडेला, एका मोकळ्या जागी घेतली आणि थांबवली. जुनी डिझेल असती तर निदान इंजिन घरघरत राहिलं असतं आणि न बोलणं त्यात लपलं असतं. ही गाडी थांबली की चिडीचूप.

"काय समजत व्हता, साहेब?" बिरूनं विचारलं. तो मागं वळला नव्हता.

"काही नाही रे. गाडीत दोष असेल, असं."

"मंग पंपावर कामून उतरत व्हता?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खालून एक टँकर कण्हत वर आला, त्यांच्या बाजूनं गेला, वळणाआड दिसेनासा झाला. साहेब इंजिनिअर होते. भार कुठं पडतो हे त्यांना कळत होतं.

"तू पेट्रोल काढतोस असं वाटलं होतं मला," ते म्हणाले. "दहा वर्षं तुला ओळखूनसुद्धा. वाटलं होतं."

बिरूच्या मनात राग होता, आणि रागाहून जुनं काही तरी होतं. इतके दिवस हे एवढेच शब्द त्याच्या तोंडात पडून होते आणि ते कुणाला म्हणावेत अशी जागाच कुणी दिली नव्हती. आता तो वळला आणि साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाला,

"म्या नाय काढलं, साहेब."

"माहितीये रे मला."

"आता माहितीये," बिरू म्हणाला.